चित्रातली बाग

"आबा, अँब्युलन्स बोलावलीये. आईला विद्युतदाहिनीत नेऊ," रविराज हळूच म्हणाला.

तात्याबाची बायको सुभद्राबाई पहाटे गेली होती. तिच्या तिरडीच्या गाठी आवळणारे त्याचे हात थांबले. "का? आपला मसणवटा कुठं गेला?"

"तिथं सोसायटीवाले ओरडतात. धूर होतो."

सोसायटीवाले म्हणजे दुसरं कोण? मोशीच्या मसणवट्याला खेटून बारा मजले उठले, त्यातल्या चौथ्यावर हा रविराजच राहत होता. त्या इमारतीचं चित्र बिल्डरनं असं गावभर वाटलं होतं की विचारू नका! पाया खणायच्या आधीच ते चौकातल्या फ्लेक्सवर, रिक्षांच्या पाठीवर, दिवाळीला तर घरोघरच्या कॅलेंडरवर. चित्रात इंद्रायणी निळीशार, आणि मसणवट्याच्या जागी हिरवळ, झोपाळा, कुत्रं फिरवणारी गोरी बाई. लोकांनी तेच बघून घरं घेतली. नदीचा फेस नि चितेचा चौथरा नंतर दिसला, तर म्हणे हे अतिक्रमण!

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी प्रीतम दारात आला. तात्याबाला वाटलं, भेटायला आला असेल. प्रीतमनं खिशातून रंगीत पत्रक काढलं.

"काका, अशा वेळी बोलू नये, पण बघा, इथं गार्डन दाखवलंय. लोन काढून घेतलंय आम्ही."

तात्याबानं कागद न्याहाळला. आज्जा, बाप, पोटचं एक पोर, सगळी तिथंच जळली होती. त्यांच्या राखेवर झोपाळा टांगला होता.

"चित्रात बाई काढली, कुत्रं काढलं. माझ्या म्हातारीला कुठं जाळायचं, त्येबी काढायचं व्हतं की."

"आबा, समजून घ्या ना," रविराज मध्ये पडला. "फ्लॅटचा भाव पडतो."

"भाव? थू तुझ्या जिनगानीवर! आईच्या धुरानं तुझं घर बाटतं व्हय रं?"

मग त्यानं कुणाचं ऐकलं नाही. विस्तवाचं मडकं स्वतःच उचललं नि पुढं निघाला. भावकीनं खांदा दिला. रविराज मान खाली घालून मागून आला. अँब्युलन्स रिकामीच परत गेली.

चिता धडधडली. वारा नेमका इमारतीकडं वाहत होता. वरच्या खिडक्या सटासट लागू लागल्या. एक जण तर गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग घेत होता. शी! माणसं म्हणायची का काय ही?

मागं रविराज फोनवर होता. त्याची बायको पोराला घेऊन वर फ्लॅटवर थांबली होती. आवाज दबका होता, तरी तात्याबाला नीट ऐकू आला.

"पूनम, आपली खिडकीपण लावून घे."

तात्याबा वळला नाही. चितेतून घसरलेलं एक लाकूड त्यानं बांबूनं आत सारलं, आणि धुरात तसाच उभा राहिला.