पीठ चढलं

भुईगावच्या मटिल्डाला त्या नाताळात एकच गोष्ट हवी होती. नवी साडी नको, कानातल्या कुड्या नकोत. हवी होती सासूची कढई.

आता कढई म्हणजे काय सोन्याची नव्हती. लोखंडाचीच, तेल पिऊन पिऊन काळीकुळकुळीत झालेली. पण सासूच्या, म्हणजे सालोमीच्या, त्या कढईत दर नाताळाला साऱ्या घराण्याच्या फुग्या तळल्या जायच्या. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि वर ताडी घालून पीठ आंबवायचं, ते फुगून चढलं की मुठीत धरून पिळायचं आणि अंगठ्याशी जो गोळा वर येईल तो तेलात सोडायचा. तो टम्म फुगला की फुगी झाली. नाताळच्या सकाळी डुकराच्या मटणाच्या लालभडक इंदियालाबरोबर ती खाल्ली नाही तर त्या घरात नाताळ झाला असं कुणी म्हणायचं नाही. आणि ज्या घरात कढई, त्या घरात सगळे भाऊ, सगळ्या जावा, सगळी पोरं गोळा व्हायची. तेव्हा कढई कुणाकडे, हा काही साधा प्रश्न नव्हता.

त्या पावसाळ्यात सालोमी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीत जोर काही आला नाही. चहाचा कपसुद्धा ती डाव्या हाताने धरायची. मग फुग्या कोण पिळणार?

मोठी सून जुलियाना पापडीला राहायची. तिने डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे ओट्यावर बसलेले असताना विषय काढला. "आई, या वर्षी राहू द्या ते सगळं. मी येताना बेकरीतून पाव आणते. आणि पुढच्या वर्षीपासून कढई आमच्याकडेच द्या की."

"का? मटिल्डा आहे ना इथे," मटिल्डाचा नवरा फर्डिनंड म्हणाला. बिचारा कधी नव्हे ते बायकोच्या बाजूने बोलला.

जुलियाना हसली. "मटिल्डाच्या घरात पीठ चढेल होय? अरे, ती तीन माकडं बघितलीस ना!"

माकडं, म्हणजे मटिल्डाची पोरं, त्या वेळी पेरूच्या झाडावर होती, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा नव्हती. मटिल्डाचा तिळपापड झाला. लग्नाला दहा वर्षं झाली, पण त्या कढईजवळ तिला कधी कुणी फिरकू दिलं नव्हतं. नारळ खवून दे, अंडी फोडून दे, बाजूला हो. ती ताडकन उठली आणि म्हणाली, "या वर्षी फुग्या होणार. इथेच होणार. आणि माझ्या हातच्या होणार."

बोलून गेली आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं.

सालोमीने सुनेकडे नीट बघून घेतलं. "बरं. पीठ चढलं तर कढई इथे राहील. बसलं तर जुलियाना म्हणते तसं."

आता जुलियाना माकडं माकडं का करत होती, ते सांगायला हवं. सालोमीच्या घरात फुग्यांच्या पिठाचा एक कायदा होता. पीठ फेटून झाकलं की घरात चिडीचूप. दार आपटायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, भांडायचं तर मुळीच नाही. आवाजाने पीठ दचकतं आणि खाली बसतं. मटिल्डा सून म्हणून आली तेव्हापासून ती नाताळच्या आदल्या दुपारी चवड्यांवर चालत आली होती. सालोमीची स्वतःची सहा पोरं याच कायद्यात वाढली, आणि ती मोठी होऊन बापे झाली तरी त्या दुपारी कुजबुजतच बोलायची.

पण मटिल्डाची पोरं म्हणजे इनास, ब्रिजित आणि पास्कू. इनास आठ वर्षांचा, ब्रिजित सहाची आणि पास्कू तिसरं सरलेला. शाळेला सुट्टी. अशा पोरांना चिडीचूप बसवायचं म्हणजे कावळ्यांना रोजारीची प्रार्थना म्हणायला लावायची!

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी धर्मा ताडीचं मडकं घेऊन आला. वाडीतल्या ताडांची ताडी तोच काढायचा. "वहिनी, आज खास तुमच्यासाठी चांगली फसफसलेली आनलीय," तो म्हणाला. त्यालाही माहीत होतं. अख्ख्या आळीला माहीत होतं.

मटिल्डाने पदर खोचला आणि मोठ्या टोपात पीठ फेटायला घेतलं. सालोमी पाटावर बसून बघत होती. पीठ हाताने उचलायचं आणि टोपाच्या बुडावर आपटायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा आपटायचं. खांदा भरून आला, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. शेवटी पिठाला बुडबुडे सुटले तेव्हा तिने टोपावर पांढरं फडकं घातलं, वर क्रुसाची खूण केली आणि टोप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला.

"झालं?" सालोमीने विचारलं. "मग मी जरा पडते." आणि ती माजघरातल्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

मटिल्डाने पोरांना ओट्यावर एका रांगेत उभं केलं. "ऐका. पीठ झोपलंय. जो आवाज करील त्याला उद्या खोबऱ्याच्या सारणाची एकही नेवरी मिळणार नाही. कळलं?"

"कळलं," तिघं कुजबुजली.

आणि खरं सांगायचं तर पोरांनी प्रयत्न केला. इनास ओट्याच्या कोपऱ्यात येशूचा गोठा बांधत होता. पेंढा, बांबूच्या काड्या, मातीचे बैल. ब्रिजित मेंढरांना कापूस चिकटवत होती. पास्कू तोंडावर बोट ठेवून मधे बसला होता. मटिल्डा आतबाहेर करत होती, दर वेळी फडक्याकडे बघत होती. फडकं हळूहळू वर येत होतं! तिने छातीवर क्रुसाची खूण केली. देवा, आता एवढी दुपार पार पाड.

देवाला त्या दिवशी दुसरी कामं असावीत. कारण गाढव गोठ्याच्या डाव्या बाजूला की उजव्या, यावरून इनास आणि ब्रिजितची जुंपली. आधी कुजबुजत जुंपली. नंतर ब्रिजितने गाढव पळवलं, इनासने तिची वेणी धरली, आणि मग जे सुरू झालं ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मटिल्डा धावत ओट्यावर आली. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला, गाढव काढून घेतलं, आणि मागे वळून बघते तर पास्कू नाही.

पास्कू स्वयंपाकघरात होता. एवढ्या आवाजाने पीठ जागं झालं असणार, हे त्याच्या डोक्यात आलं आणि तो बघायला गेला. पाटावर चढला, फडकं काढलं, आणि "ऊठ, ऊठ" म्हणत दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात घातले. पिठाने फुस्स केलं आणि टोपाच्या बुडाशी जाऊन बसलं.

मटिल्डा ओरडली. अशी ओरडली की चिंचेवरचे कावळे उडाले आणि शेजारच्या वाडीतला रहाटाचा रेडा थांबला. पास्कूने भोकाड पसरलं. ब्रिजित रडायला लागली. फर्डिनंड मागच्या दारातून धावत आला, टोपात डोकावला आणि म्हणाला, "जाऊ दे गं. वहिनी पाव आणतेच आहे की."

बस्स! तेवढंच बाकी होतं. मटिल्डाच्या मस्तकात तिडीक गेली. पाव? दहा वर्षं चवड्यांवर चालले ती पाव खायला?

"कायदा तर मोडलाच," ती म्हणाली, "आणि सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले. आता घाबरायचं कुणाला?" तिने टोप पुढे ओढला, उरलेली ताडी ओतली, मूठभर साखर घातली आणि पीठ पुन्हा फेटायला घेतलं. सकाळी फेटलं होतं ते भीत भीत. आता रागाने. प्रत्येक दणक्याला मनात एक नाव होतं, आणि पहिलं पापडीला राहणारीचं, हे सांगायची गरज नाही.

इनास दाराशी येऊन उभा राहिला, कान लालबुंद. "आई, मी करू?"

मटिल्डाला वाटलं होतं, रागवावं. पण तो चेहरा बघून राग कसला राहतोय! "हात धुवून ये. कोपरापर्यंत. साबणाने."

मग चौघं त्या टोपाभोवती बसली. आई थकली की इनास, इनास थकला की ब्रिजित. पास्कूला पीठ आता बंद होतं, म्हणून त्याच्या हातात थाळी आणि चमचा दिला. तो थाळी बडवायला लागला, ब्रिजित नाताळची गाणी म्हणायला लागली, इनास चुकीच्या सुरात साथ द्यायला लागला, आणि मटिल्डा दणक्यांवर ताल धरून गायला लागली. नाताळच्या आदल्या दुपारी त्या घरात असा गोंधळ कधी झाला नव्हता. फर्डिनंड कानांवर हात ठेवून वाडीत निघून गेला. पीठ झाकलं, टोप चुलीच्या उबेला सरकवला, तरी गाणी थांबली नाहीत. आता कशाला थांबायचं?

उन्हं कलली तशी सालोमी उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. मटिल्डाने मान खाली घातली. "आई, पीठ बसलं होतं. मी पुन्हा फेटलं. पोरं ओरडली, मीही ओरडले."

सालोमीने डाव्या हाताने फडक्याला बोट लावलं. फडकं टोपाच्या वर आलं होतं, ताणून ताणून गोल झालं होतं. तिने ते उचललं. पीठ काठावरून ओघळायच्या बेतात होतं, आणि सगळीकडून बुडबुडे फुटत होते.

"चढलं!" पास्कू किंचाळला, आणि लगेच दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

"ओरड रे बाबा, ओरड," सालोमी म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता पाटावर बसली. "अगं मटिल्डा, पिठाला कान असतात काय?"

"पण तुम्हीच तर..."

"मला माझ्या सासूने सांगितलं. दुसऱ्याच वर्षी कळलं की खोटं आहे. पण माझी सहा पोरं, वाडीचं काम, नाताळची तयारी. वर्षातून ती एक दुपार मला निजायला मिळायची. मी कशाला सांगते कुणाला! आणि सासूचं काय चुकलं? तिला अकरा होती."

मटिल्डालाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. दहा वर्षं चवड्यांवर!

संध्याकाळी जुलियाना पावांची पिशवी घेऊन आली तेव्हा चुलीवर तेल तापलेलं होतं आणि कढईसमोर मटिल्डा बसलेली होती. पहिला गोळा चपटा पडला. जुलियाना खाकरली. मटिल्डाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झाऱ्याने गरम तेल गोळ्यावर उडवत राहिली. दुसरा गोळा तेलात पडला, क्षणभर डुचमळला आणि टम्म फुगून स्वतःच उलटला. मग तिसरा, चौथा, मग कढई भरून. जुलियानाची पोरं ओट्यावरून आत घुसली आणि मटिल्डाच्या पोरांबरोबर चुलीभोवती नाचायला लागली.

सालोमीने एक फुगी घेतली आणि फोडली. आत जाळी अशी पडली होती की पलीकडचा उजेड दिसावा. तिने ती चावली. "माझ्यापेक्षा हलकी झालीय," ती म्हणाली. तिने ते आढेवेढे न घेता, सगळ्यांसमोर सांगितलं.

जुलियानाने पिशवी खुंटीला टांगली, पदर खोचला आणि झारा हातात घेतला. "तू पिळ गं. काढायचं मी बघते."

नाताळच्या सकाळी, दरवर्षीप्रमाणे, शेजारीपाजारी ताटं निघाली. नेवऱ्या, केक आणि वर फुग्या, त्यावर विणलेला रुमाल. सालोमीने पोरांना हाका मारल्या. ताट नेणाऱ्याने दारात उभं राहून ताट पाठवणारीचं नाव सांगायचं, अशी तिथली रीत. आजवर पोरं म्हणत आली होती, सालोमीआजीने पाठवलंय.

"काय सांगायचं?" सालोमीने विचारलं.

इनासने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, पण सालोमीने त्याला थांबवलं. "नाही. मटिल्डाने पाठवलंय, असं सांगायचं. आणि हळू नाही सांगायचं."

ते काही वेगळं सांगायला लागलं नाही. तीन ताटं, तीन पोरं, आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आरोळी, "आमच्या आईने पाठवलंय! आमच्या आईने!" मटिल्डा ओट्यावर उभी राहून ऐकत होती, आणि तिने कुणालाही गप्प बसवलं नाही.