तिच्या मापाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लगेच सावरून बसू नका. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही. उलट जो माझ्यावर बसतो, तो घटकाभरात "बसा, बसा, तुम्हीच बसा" म्हणत उठतो. का ते सांगते. तुम्हाला वेळ आहे ना? मला तर वेळच वेळ आहे.

जन्माने मी खुर्ची नाही. आधी मी टेबल होते, शिंप्याच्या दुकानातलं, कापड बेतायचं लांबरुंद टेबल. अंगावर कात्रीचे चरे, एका कोपऱ्यात इस्त्रीने भाजल्याचा काळा डाग, आणि वर्षानुवर्षं कापड सरकून सरकून आलेला गुळगुळीतपणा. त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. शिलाईचं मशीन कुणी नेलं, आरसा कुणी नेला. मी मात्र दारातून बाहेरच निघेना. शेवटी पाय काढून, फळ्या सुट्या करून मला मास्तरांच्या घरी आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यात मास्तर आणि मास्तरीणबाई. लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली. दुकानातल्या प्रत्येक कपड्याची तुरपाई आणि काजं-बटणं बाई घरी करत, जमिनीवर मांडी घालून. त्या मांडीने त्यांचे गुडघे खाल्ले. खाली बसलं की उठता येईना, आणि उठलं की पुन्हा बसायची हिंमत होईना. त्यामुळे बाई ओट्याशी उभ्याने जेवायच्या आणि मास्तर खाली एकटे जेवायचे. एका घरात राहून दोघांची जेवणं अशी वेगळी झाली होती.

लेकीने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. बाई अंगाने लहानखुऱ्या. खुर्चीत मागे टेकून बसल्या तर पाय अधांतरी, पाय टेकवले तर पाठ अधांतरी. दोनच दिवसांत त्यांनी त्या खुर्चीवर घडी केलेले कपडे ठेवायला सुरुवात केली.

"मी तुला खुर्ची बेतून देतो," मास्तर एकदा म्हणाले.

"तुम्ही? अहो, तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

"खिळा नाही येत. माप तर येतं?"

"माझा एक कपडा जन्मात वेळेवर दिला नाहीत. गिऱ्हाइकांचं आधी, मग उरल्यासुरल्या कापडाचं माझं. खुर्ची कधी मिळायची मला?"

"ह्या वेळी तू एकटीच गिऱ्हाईक आहेस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला. दुकान गेलं तरी टेप गळ्यातच असायचा.

सुतार खुर्ची करतो तेव्हा त्याच्यासमोर माणूस नसतो. त्याला खुर्चीची उंची पाठ असते, ती सगळ्यांना चालते. मास्तरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बाईंना उपड्या पेटीवर बसवलं आणि कोटाचं माप घ्यावं तसं खुर्चीचं माप घेतलं. टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत. कमरेपासून मांडीच्या टोकापर्यंत. कोपरापासून पेटीपर्यंत, उजवीकडचं वेगळं आणि डावीकडचं वेगळं. कारण बाईंचा डावा खांदा थोडा उतरता होता, आणि शिंप्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

मग माझ्यावर खडू चालला. ह्या खडूची मला सवय होती, पण आजवर त्याच्या रेषा कापडावरून माझ्यावर उतरायच्या त्या चुकून. आता त्या माझ्यासाठीच होत्या. खरं सांगते, मी घाबरले. रेषेमागून करवत येते हे मला कळत होतं, आणि मास्तरांनी करवत धरली होती ती कात्रीसारखी.

पहिली चूक तर शिंप्यालाच शोभणारी. कापड बेतताना शिवणीसाठी जास्तीची पट्टी सोडतात, तिला ते माया म्हणतात. मास्तरांनी माझ्या प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे बोटभर माया सोडली. सगळे तुकडे कापून जोडायला घेतले तर हे इकडून बाहेर, ते तिकडून बाहेर. कापड आत दुमडता येतं. मला कुठे दुमडणार? शेवटी मास्तरांनी प्रत्येक तुकड्याची माया पुन्हा करवतीने उतरवली.

घरासमोर, रस्त्यापलीकडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. घड्याळजी रोज गिऱ्हाईक नसलं की गंमत बघायला यायचे. "मास्तर, खिळा लाकडात मारतात, बोटात नाही," असं म्हणून बाईंच्या हातचा चहा प्यायचे. मदत काडीची नाही, पण त्यांच्या बडबडीने खोली भरलेली असायची.

दुसरी चूक तर ऐकण्यासारखी आहे. गोंद लावून स्क्रू पिळण्याआधी मास्तरांना ट्रायल हवी होती. कोटाची कच्ची शिलाई करून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतात ना, तशी. त्यांनी माझे सगळे सांधे सुतळीने बांधले आणि बाईंना बोलावलं.

"बस. कच्च्या शिलाईवर एकदा बघू."

"दोरीवर बसू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं, हलक्याने बस. मी धरतो ना."

बाई हलक्याने बसल्या. माझे चारही पाय चार दिशांना निघाले, आणि बाई एखाद्या महाराणीसारख्या, पाठ ताठ, हळूहळू जमिनीवर जाऊन टेकल्या. सावरायला गेलेले मास्तरही त्यांच्या शेजारी. मग बाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. गुडघ्यांमुळे उठता येईना आणि हसण्यामुळे उठवता येईना. घड्याळजी धावत आले आणि तेही दारात बसून हसले. त्या दिवशी मी मोडून पडले होते, तरी माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

शेवटी मी झाले. कशी झाले? एक कड वाकडी, एक स्क्रू तिरका, पाठीवर इस्त्रीचा तो काळा डाग तसाच. डावा हात उजव्याहून खाली. बघणारा म्हणेल, कुणा शिकाऊ माणसाने बिघडवलेली खुर्ची. पण बाई बसल्या आणि त्यांचे दोन्ही तळपाय जमिनीला लागले. पाठ टेकली. डावा हात आपोआप जिथे पडायचा तिथे मी होते. त्यांनी डोळे मिटले.

"कुठे खुपतंय का?" मास्तरांनी विचारलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारायचे, त्याच आवाजात.

"गप्प बसा हो जरा," बाई म्हणाल्या. "मला बसू द्या."

त्यानंतर त्या माझ्यावरच बसून जेवायच्या, माझ्यावरच बसून मास्तरांना रागवायच्या. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरचे कपडे हलवून मास्तर ती समोर ओढायचे आणि दोघांची जेवणं पुन्हा एकत्र व्हायला लागली. मला अभिमान वाटायचा. तेवढं तर मला माफ असावं.

मग एका हिवाळ्यात बाईंना धाप लागायला लागली. लेक आली, तिने बाईंना दवाखान्यात नेलं. जाताना बाई दारातून "येते हं" म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. खुर्चीला कुणी येऊन सांगत नाही. माणसं भेटायला येऊ लागली, हळू आवाजात बोलू लागली, त्यावरून मी समजले.

त्या दिवसांत माझ्यावर किती जण बसले! कुणाचे गुडघे छातीला लागले, कुणाचा डावा हात सटकला. एक लठ्ठ मामा तर माझ्यात अडकलेच. ते उठले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर उठले. "लहान मुलांची आहे का हो ही?" जावयाने विचारलं. कुणाचा दोष नाही. मी एकाच माणसाची होते आणि ते माणूस आता राहिलं नव्हतं. दुकानात माझ्यावर शेकडो लोकांचे कपडे बेतले गेले, तेव्हा मी सगळ्यांची होते. आता मी कुणाचीच नव्हते.

हळूहळू माणसं भेटायला यायची थांबली. घड्याळजीही थांबले. माणसांचं हे एक मला कळत नाही. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ती येतच नाहीत, आणि मग इतके दिवस गेलो नाही म्हणून आणखी येत नाहीत. घड्याळजी समोरूनच मान हलवतात आणि पुन्हा डोळ्याला भिंग लावतात. मास्तरही मान हलवतात. संपली भेट.

मास्तरांनी मला खिडकीशी ठेवलंय. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतात, हातसुद्धा, पायसुद्धा. पण माझ्यावर बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला, तरी दुसरी आणली नाही. पलंगाच्या कडेवर बसून, ताट मांडीवर घेऊन दोन घास खातात आणि उरलेलं झाकून ठेवतात. काल झाकलेलं आज टाकतात. मला इतकं पुसू नका, मास्तर, नीट जेवा, असं मला ओरडावंसं वाटतं. पण सुतळीवरचे सांधे सुटले तेव्हा कुरकुरले होते तेवढाच माझा आवाज.

मध्ये लेक आली. बापाकडे बघून दारातच थबकली.

"बाबा, किती वाळलात! जेवताय की नाही?"

"जेवतो गं."

"कुठे बसून? ही एकच तर खुर्ची आहे." ती माझ्यावर बसून बघायला गेली आणि गुडघे पोटाशी घेऊन उठली. "हिचे पाय वाढवा ना. हात वर घ्या. तुमच्या मापाची करा."

"ती तिची आहे."

"बाबा, किती बायका गेलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन यायच्या तुमच्याकडे, मुलाला बसेल असा करून द्या म्हणून. तुम्हीच म्हणायचात, कापड चांगलंय, वापरात राहू दे."

"कोटाचं वेगळं."

"काय वेगळं?"

मास्तर फडकं घेऊन माझा हात पुसायला लागले. मी ते कोट पाहिलेत. ते माझ्यावरच उसवले जायचे. मास्तर एकेक टाका असा काढायचे की कापडाला कळू नये, आणि ती बाई समोर पदर तोंडाशी धरून उभी असायची. आठवड्याने तोच कोट अंगावर घालून मुलगा रस्त्यातून जायचा आणि त्याची आई त्याच्याकडे बघत मागून चालायची. कोटाला वाईट वाटलेलं मला कधी दिसलं नाही.

मला कुणी विचारत नाही, पण मी सांगते. मला कापा. पायांना ठिगळं जोडा, हात वर-खाली करा, हवं तर पाठ बदला. मी तिची आठवण नीट जपेन, पण बसलेल्या माणसाचं वजन अंगावर असताना जपेन. रिकाम्या खुर्चीला रोज पुसलं म्हणून तिचा एकटेपणा जात नाही. आणि मास्तर असेच पलंगाच्या कडेवर दोन घास खात राहिले, तर मला पुसायलाही एक दिवस कुणी उरणार नाही. मला त्याची फार भीती वाटते.

लेक गेली. तिचं बोलणं मास्तरांच्या मनात राहिलं असावं. आज दुपारी त्यांनी पलंगाखालून करवत काढली, लाकडाचे तुकडे काढले, खडू घेतला. माझ्यासमोर उभे राहिले. मग हळूच, परवानगी विचारल्यासारखे, माझ्यावर बसले.

पहिल्यांदाच. त्यांचे गुडघे वर आले, डावा हात खाली घसरला. पण मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! हलके झालेत मास्तर. फार हलके झालेत.

त्यांनी गळ्यातला टेप काढला. एक टोक टाचेखाली दाबलं आणि दुसरं गुडघ्यापर्यंत आणून आकडा बघायला वाकले. वाकले तसा गुडघा हलला. माप बिघडलं. त्यांनी पुन्हा टोक दाबलं. ह्या वेळी न वाकता, ताठ बसून, नुसत्या बोटांनी चाचपून बघितलं, तर टाचेखालून टेप सुटला. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या माणसाला स्वतःचं माप घेता येईना. कितीदा तरी त्यांनी करून पाहिलं.

मग टेप हातात धरून ते आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "अगं, जरा हे टोक धर..."

आणि थांबले.

तेव्हापासून ते तसेच बसलेत. टेप मांडीवर आहे. पायाशी लाकूड आहे, करवत आहे. समोर रस्त्यापलीकडे घड्याळजी भिंग लावून कुणाच्यातरी घड्याळात डोकं खुपसून बसलेत. मास्तर हाक मारणार नाहीत, मी त्यांना ओळखते. आणि मला हाक मारता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. घड्याळजींना सांगा, नाहीतर तुम्हीच या. दार नुसतं लोटलेलं आहे. काय बोलावं ते सुचलं नाही तर बोलू नका. सांत्वन नको, चहाही विचारला जाणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त खाली बसा आणि टेपचं टोक मास्तरांच्या टाचेशी घट्ट धरा. पुढचं सगळं त्यांना येतं.