पिस्तुलांचं कलम

आमच्या दक्षिणेच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा मला शत्रूची भीती अजिबात वाटत नव्हती. भीती वाटत होती ती माझ्या शेजारी घोड्यावर बसलेल्या माणसाची, आणि तो माझ्याच बाजूचा होता. मेजर जनरल हेझकाया डॅब्नी, माझ्या हाताखालचा सर्वांत मोठा अधिकारी. हाताखालचा म्हणायचं एवढंच. उंचीनं तो माझ्याहून वीतभर जास्त होता आणि नेमबाजीत तर आमची तुलनाच नको. डॅब्नी झाडावरच्या नासपतीचं देठ गोळीनं उडवायचा. मला चष्मा लावला तर झाड दिसायचं.

भांडणाचं मूळ सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, नाताळच्या जेवणाला, आपण एक टेकडी कशी जिंकली ते डॅब्नी रंगवून रंगवून सांगत होता. थोडी व्हिस्की पोटात गेली की मी फार विनोदी होतो, असा माझा समज आहे. मी म्हणालो, "त्या टेकडीवर शत्रूचा एकही माणूस नव्हता, तरी डॅब्नीसाहेबांनी ती दोनदा घेतली!" सगळं टेबल हसलं. डॅब्नी हसला नाही. सकाळी त्याचा कप्तान माझ्या तंबूत हजर. माफी मागा, नाहीतर पिस्तूल घेऊन मैदानात या.

आमच्या कॅरोलायनात सभ्य माणसाला यातून सुटका नसते. माणूस दारुडा असला तरी चालतो, कर्जात बुडालेला असला तरी चालतो, पण आव्हान टाळणाऱ्याच्या शेजारी चर्चच्या बाकावर कुणी बसत नाही. माझ्या मनात माफी मागायचीच होती. पण तंबूत चार अधिकारी बसले होते आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "युद्ध चालू आहे तोवर माझा जीव देशाचा. ज्या दिवशी युद्ध संपेल, त्या दिवशी तो डॅब्नीसाहेबांच्या सेवेत हजर असेल." वाहवा झाली. युद्ध काही संपायचं लक्षण नव्हतं तेव्हा. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी हजामत करताना शीळ घालत होतो.

मग तो एप्रिल आला. राजधानी पडली, मोठं सैन्य शरण गेलं, आणि माझी फौज पाइनच्या जंगलात अडकली. पुढे फुगलेली नदी, मागे उत्तरेचा जनरल स्टॉडर्ड, आणि पोटात भाजलेला मका, तोही घोड्यांच्या वाट्याचा. पोरं झाडाच्या साली चघळत होती. आता शरण जायचं, हे माझ्या खेचरांनाही कळत होतं. मी मात्र नकाशासमोर बसून आणखी महिनाभर तग धरता येईल का, याचा हिशेब मांडत होतो, आणि तो हिशेब देशासाठी नव्हता. मग माझी मलाच लाज वाटली. नकाशा गुंडाळला आणि पांढरं निशाण पाठवलं.

कालपर्यंत 'शेवटच्या माणसापर्यंत लढू' म्हणून गर्जना करणारा डॅब्नी त्या सकाळी शांततेचा परमभक्त झाला होता.

"जनरल, आपण आज सही करूनच यावं," तो म्हणाला. "मला आता हे युद्ध संपलेलं बघायचंय."

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की मी माझा घोडा त्याच्यापासून हातभर लांब घेतला.

भेट ठरली होती हॅचर नावाच्या गिरणीवाल्याच्या घरात, दोन्ही सैन्यांच्या मधोमध. फिनिअस स्टॉडर्ड दारातच उभा होता. आम्ही लष्करी शाळेत एका खोलीत राहिलेले. त्यानं माझी गणितं सोडवली होती आणि मी त्याच्या वतीनं मुलींना पत्रं लिहिली होती. त्यातली एक त्याची बायको झाली, आणि युद्धात तो माझ्यामागे एवढा हात धुऊन का लागला याचं ते कारण असावं असं मला वाटे.

"टॉली! अरे, किती वाळलास!"

"तुझ्याच कृपेनं. माझ्या धान्याच्या गाड्या तू जाळल्यास."

"बरं बरं, रागावू नको. बस. कॉफी घे. खरी आहे."

खरी कॉफी जिभेला लागून वर्ष लोटलं होतं. आम्ही रताळी भाजून त्यांचा काढा प्यायचो आणि फार छान झालीय म्हणून एकमेकांना सांगायचो. पहिल्याच घोटाला माझे डोळे भरून आले. स्टॉडर्डला वाटलं पराभवाचं दुःख आहे. तो सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिला आणि मी पटकन आणखी दोन घोट घेतले.

चुलीपाशी उत्तरेच्या निळ्या गणवेशातला एक काळा माणूस स्वतःचा कप घेऊन बसला होता. माझा कप रिकामा झाला तसा मी सवयीनं, न बघताच तो त्याच्यापुढे धरला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"सार्जंट आहेत ते," स्टॉडर्ड म्हणाला. "पहाऱ्यावर आहेत. किटली तिकडे आहे, टॉली."

मी उठलो आणि आपली आपण ओतून घेतली. आम्ही चार वर्षं लढलो ते एवढ्यासाठीच होतं, की कॉफी विकत घेतलेल्या माणसानं ओतावी आणि त्याला 'नाही' म्हणता येऊ नये. त्या लढाईला आम्ही हक्क, अब्रू, मातृभूमी अशी पुष्कळ सुरेख नावं दिली होती. किटली हातात असताना त्यातलं एकही आठवेना.

मग स्टॉडर्डनं अटी सांगितल्या. बंदुका एका जागी रचून ठेवायच्या. पुन्हा शस्त्र उचलणार नाही असं प्रत्येकानं वचन द्यायचं आणि घरी जायचं. कुणालाही तुरुंग नाही. घोडा ज्याचा त्याच्याकडे. मी प्रत्येक अटीला मान डोलावत होतो. इतकं मी मागायलाही धजलो नसतो.

"आणि अधिकाऱ्यांनी आपापली पिस्तुलं आणि तलवारी जवळ ठेवाव्यात," तो म्हणाला.

"पिस्तुलं नकोत," मी म्हणालो.

"नकोत म्हणजे?"

"म्हणजे काढून घ्या. हरलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल शोभत नाही."

"अरे, मी मोठ्या मनानं देतोय!"

"मग मन जरा लहान कर."

डॅब्नी खुर्चीतून उठला. तो उठला की छत खाली आल्यासारखं वाटायचं.

"जनरल टॉलिव्हर थट्टा करतायत," तो स्टॉडर्डला म्हणाला. "त्यांना थट्टेची खोड आहे. पण मी थट्टा करत नाही. माझ्या अधिकाऱ्यांच्या पिस्तुलांना हात लावलात, तर माझी तुकडी शस्त्रं ठेवणार नाही. आम्ही नदी ओलांडू आणि डोंगरात शिरू. मग बसा शोधत."

"नदीकाठी माझ्या तोफा आहेत," स्टॉडर्ड म्हणाला. त्याच्या आवाजातला दोस्त कुठल्या कुठे गेला होता. "जरूर ओलांडा."

डॅब्नी पोकळ धमकी देणारा नव्हता. त्याची पोरंही त्याच्यामागे गेली असती. चार वर्षांत दुसरं काही आम्ही त्यांना शिकवलंच नव्हतं. पिस्तुलं काढून घेतली तर ती पोरं नदीत मरणार, आणि ठेवली तर डॅब्नीच्या गोळीनं मी. मी स्टॉडर्डला बाहेर ओसरीवर चल म्हणालो.

"आता खरं बोल, टॉली. भानगड काय आहे?"

मी सगळं सांगितलं. टेकडीशी आलो तेव्हा त्यानं ओठ दाबले. 'माझा जीव देशाचा' म्हणालो तेव्हा त्यानं ओसरीचा खांब धरला आणि तो हसत सुटला. इतका हसला की अंगणातले त्याचे पहारेकरी वळून बघायला लागले.

"आणि तुझा नेम? मास्तरांची टोपी उडवली होतीस तूच ना?"

"आता टोपीसुद्धा दिसत नाही."

तो पुन्हा हसला, मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हणजे एक पिस्तूल, आणि ते तुझ्या एकट्याच्या छातीवर रोखलेलं. म्हणून तुला कलम बदलून हवंय."

"हो."

"गेल्या उन्हाळ्यात त्या खिंडीत माझ्या तोफांवर तू एकाच दुपारी तीनदा पोरं घातलीस. त्यांच्यासाठी कुठलं कलम शोधलं होतंस रे?"

मला कधी उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. माझी सगळी फजिती उत्तरं सुचण्यातूनच झालीय. त्या वेळी मात्र मी समोरच्या उताराकडे बघितलं. तिथं डॅब्नीची पोरं पडली होती. एक जण दुसऱ्याच्या पायातला काटा काढत होता, काही जण घराकडे डोळे लावून बसले होते. आत काय ठरतंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना कधीच काही सांगत नसू.

"लिही," मी म्हणालो. "पिस्तुलं अधिकाऱ्यांकडेच."

स्टॉडर्डनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या थडग्यावर चांगला मजकूर घालायला सांगतो."

"विनोदी नको."

आत जाऊन मी सही केली. चष्मा खिशातच होता, त्यामुळे सही फार भारदस्त आली.

बंदुका रचून झाल्या, माणसांनी वचनं दिली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच डॅब्नीचा निरोप आला. गिरणीमागचं गवताळ रान. मी स्वच्छ कॉलर लावली, चष्मा पुसला आणि गेलो. रस्त्यात पाय वळले नाहीत याचं श्रेय मला देऊ नका. रस्ता सरळ होता आणि डॅब्नी लांबूनही दिसत होता, माझ्या डोळ्यांनासुद्धा.

तो एकटाच होता. मीही एकटा.

"आपला साक्षीदार कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"माझा मदतनीस पहाटेच निघून गेला. माझं खेचरही गेलं. आपला?"

"कप्तानाची बायको बाळंत व्हायची होती," डॅब्नी कडवटपणे म्हणाला. "मला न विचारता गेला."

आमच्यात नियम पक्का आहे. दोन्ही बाजूंचा एकेक साक्षीदार हवा. त्यांनी जमीन मोजायची, पिस्तुलं भरायची, रुमाल टाकून गोळीचा इशारा करायचा. साक्षीदार नसेल तर ते द्वंद्व नव्हे, तो खून. हे नियम डॅब्नीला तोंडपाठ होते आणि त्यातला एकही मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. आमचं सगळं सैन्य त्याच रस्त्यानं घरी चाललं होतं.

पहिल्यांदा एक कर्नल आले. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी किंचित उचलली, शेताची कामं अडलीत म्हणाले आणि पुढे गेले. लेफ्टनंट तर थांबलेच नाहीत. साक्षीदार सभ्य घराण्यातला हवा, इथून आम्ही सुरुवात केली होती. मग सार्जंट चालेल म्हणालो. मग ज्याच्या पायात बूट असतील तो कुणीही चालेल, इथवर आलो. बूट असलेले फारसे नव्हतेच.

एक उंच, हाडकुळा कॉर्पोरल मात्र थांबला. हात झोळीत बांधलेला.

"काम काय आहे?"

"नुसतं उभं राहायचं," मी म्हणालो. "आणि रुमाल टाकायचा. घटकाभराचं काम."

त्यानं खरोखरच विचार केला. "नाही जमायचं, साहेब. उन्हं चढायच्या आत मला पुढचं गाव गाठायचंय."

"अरे, इथं दोन जनरल प्राण पणाला लावतायत!" डॅब्नी ओरडला.

"लावा की," कॉर्पोरल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे सांगायला हवं. "चार वर्षं आम्ही लावले. तुम्ही दुर्बिणीतनं बघितलंत. आता तुमचं तुम्ही बघा."

तो गेला. माणसं आमच्या दोन्ही अंगांनी जात राहिली, रस्त्यात धोंडा असला की जातात तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. मी वाचलो होतो. पण मला संताप आला. माझ्या एका शब्दावर तोफांच्या तोंडावर धावलेलं सैन्य, आणि मला मरताना बघायला त्यातला एक माणूस थांबेना! मी हाका मारायला लागलो. "अरे, कुणीतरी या! एक जण तरी!" स्वतःला गोळी घालून घेण्यासाठी मी गयावया करत होतो आणि डॅब्नी माझ्यापेक्षा मोठ्यानं करत होता. त्याचा आवाज पूर्वीपासूनच चांगला होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्ता रिकामा झाला होता.

"एकानंही सलाम केला नाही," डॅब्नी म्हणाला.

"नाही केला."

आम्ही तसेच उभे राहिलो. आता निघा, असं आम्हाला सांगणारं कुणी उरलं नव्हतं आणि आम्ही सांगावं असंही कुणी नव्हतं. शेवटी मी घोड्याकडे वळलो. मदतनिसानं जाण्याआधी चढवलेलं खोगीर वाट बघताना मी नुसता पट्टा सोडून खाली पाडलं होतं. ते एवढं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याचा पट्टा कसा आवळायचा हेही. माझ्या आयुष्यात ते काम नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं. मी वळून बघितलं तर डॅब्नीही आपल्या घोड्यापाशी पट्टा हातात घेऊन तसाच उभा होता.

"घोडा धरता का जरा?" त्यानं विचारलं.

मी त्याचा घोडा धरला, मग त्यानं माझा. त्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून पिस्तुलं गवतात ठेवावी लागली.