बिनमोजणीचे तुकडे

"आधी उभं कापायचं, मग आडवं. मधोमध फुली मारायची नाही, लोरेटा."

बाबांचं हे सांगणं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "कापत राहा, कळेल." शेवटच्या आजारात लोरेटाने त्यांचा हात धरून शब्द दिला होता, पिझ्झा चौकोनीच कापला जाईल. त्याला वर्ष झालं. रोज जपमाळ झाली की ती या कोड्याकडे वळे, पण उत्तर हाती लागत नव्हतं.

शिकागोच्या दक्षिण भागातला त्यांचा बार लहानसा. पिझ्झा गोल, पापडासारखा पातळ. कापला की कडेला चार चिमुकले, कुरकुरीत तिकोनी तुकडे निघत, त्यांना सगळे कोपरे म्हणत, आणि मध्ये बिनकडेचे चौकोन. कोपऱ्यांवरून तिथे माणसं तीस-तीस वर्षं भांडत आलेली.

"ताई, गोल वस्तूचे चौकोन कोण करतं?" धाकटा भाऊ रे म्हणाला. "नवी गिऱ्हाइकं हसतात. आठ त्रिकोण केले की झालं."

"बाबांना चाललं नसतं."

"का नसतं?"

शेवटी ठरलं, या शुक्रवारी एक पिझ्झा रेच्या पद्धतीने कापायचा. कुणाचं काही अडलं नाही, तर शनिवारपासून चौकोन बंद.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून नुसतं चीज, सॉसेज नाही. बोलिंग खेळून आलेल्या चौघांपुढे रेने थाळी ठेवली.

"हे काय, केक? वाढदिवस कुणाचा?" चेस्टरने विचारलं.

"टोक बघ, कशी मान टाकतंय," गस म्हणाला. "आणि कोपरे कुठेत? आता मी चेस्टरशी भांडू कशावरून?"

"माझं तोंड आहे की. त्यावरून भांड."

सगळे हसले, पण खायला लागले. ज्याने त्याने आपापले दोन तुकडे ओढून घेतले. रेने बहिणीकडे पाहिलं, बघ, काही अडलं का?

तेवढ्यात त्यांचा जुना जोडीदार वॉल्टर आला. खांदा निकामी झाल्यापासून तो बोलिंग खेळत नसे. बायको वारल्यापासून घरी चूलही पेटत नसे. चर्चमधली संध्याकाळची भक्ती आटोपून तो दर शुक्रवारी थेट यांच्या टेबलाशी येई, उभ्याउभ्याच एक चौकोन उचले, बोलता बोलता दुसरा, मग कधीतरी खुर्ची ओढून बसे. कुणी किती खाल्ले, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आज त्याचा हात थाळीपर्यंत गेला आणि थांबला. आठ तुकडे, चार माणसं.

"घे ना, माझ्यातला घे," गस म्हणाला.

"नको, नको. मी जेवून आलोय."

तो बारच्या पार टोकाच्या स्टुलावर जाऊन बसला आणि वाटीतले खारे शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकू लागला.

त्या शेंगदाण्यांकडे बघता बघता लोरेटाला बाबांचं 'कळेल' आठवलं: वाटीतले दाणे कुणी मोजत नव्हतं. मग हलकेच म्हणाली, "रे, अजून एक टाक."

"कुणी मागवला?"

"मी."

पिझ्झा भट्टीतून निघाला. तिने सुरी घेतली. आधी उभं, मग आडवं. थाळी उचलून ती चौघांच्या टेबलाकडे निघाली. जायची वाट मात्र तिने वॉल्टरच्या स्टुलाजवळून धरली, त्याचा हात थाळीपर्यंत सहज पोचेल इतक्या जवळून.