भिंगरीचा पहिला जिना

त्या सकाळी भिंगरीनं चहा उभ्यानंच घेतला, डबा विसरून निघाली, जिन्यातून परत आली, डबा उचलला आणि हेल्मेट टेबलावरच ठेवून गेली. आईनं खिडकीतून हाक मारली, "अगं, डोकं तरी नेलंस का बरोबर?" पोरगी दुसऱ्यांदा वर आली, तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. घरात तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. दोन मिनिटं एका जागी बसली, तर हिला ताप आलाय म्हणून घरचे कपाळ चाचपून बघायचे. आणि आज तर तिचा जिना भरायचा होता. तिचा स्वतःचा!

आता जिना भरायचा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पायऱ्या काही आकाशातून पडत नाहीत. आधी फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात सळया बांधायच्या, मग वरून काँक्रीट ओतायचं. साचा करतो तो सेंट्रिंगचा सुतार. भिंगरी दीड वर्षापासून अशाच एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होती, आणि त्यातला निम्मा काळ जुन्या फळ्यांतले खिळे उपटण्यात गेला होता. मिस्त्री हातानं सोनं, पण जिभेनं कारलं. त्यांनी कुणाला "बरं केलंस" म्हटल्याचं ऐकलेला माणूस साऱ्या साइटवर नव्हता.

अशा माणसानं गेल्या सोमवारी हातातली पेन्सिल तिच्यासमोर धरली. "हा जिना तू आख. फळ्याही तूच ठोक. जिना बरोबर आला, तर पुढच्या कामावर सुतार म्हणून येशील. चुकला, तर आणखी वर्षभर शिकाऊ. कबूल?"

"कबूल!" ती म्हणाली. विचार कसला करायचा त्यात? मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग आठवडाभर तिनं त्या जिन्याचा नुसता पिच्छा पुरवला. सरळ चढत जाणारा, सोळा पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरी सहा इंच उंच. खालचा स्लॅब ते वरचा स्लॅब आठ फूट, भागिले सोळा, बरोबर सहा. शेजारच्या भिंतीवर तिनं एकेक पायरी आखली, एकेक उभी फळी ठोकली, आणि टेप लावून इतक्यांदा मोजली की सळया बांधणारे म्हणाले, "बाई, झिजेल ती!" काल संध्याकाळी मिस्त्रींनी मोजलं आणि काहीच बोलले नाहीत. म्हणजे पास! आज सकाळी इंजिनिअरबाईंनी खालपासून वरपर्यंत टेप लावली आणि कागदावर सही केली. भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

दहा वाजता काँक्रीटची गाडी फाटकातून आत आली. चालवत होता तिचा सख्खा मोठा भाऊ.

"काय गं," दादानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "तुझ्या जिन्यावरून माणसं चढणार की गडगडणार?"

"माणसं चढतील. तू नको चढूस, ओझ्यानं मोडेल."

साइटवर हशा पिकला. गाडी पंपाला लागली, ड्रम गरगर फिरू लागला, पंपाची जाड नळी जिन्याच्या डोक्याशी नेऊन दोघा मजुरांनी धरली. भिंगरी खाली पहिल्या पायरीशी उभी होती. छाती अशी धडधडत होती की पंप सुरू झाला की काय असं तिला वाटलं.

नेमका तेव्हाच फरशीवाला आला. त्याचं काम दोन महिन्यांनी सुरू व्हायचं होतं, पण आधीच जागा बघायला आलेला. त्यानं साधा प्रश्न विचारला, "ताई, इथली फरशी कुठवर येणार?"

"तीन इंच वर," भिंगरी म्हणाली. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. खाली मसाला, वर जाड दगडी फरशी, मिळून तीन इंच.

"आणि पायऱ्यांवर?"

"पायऱ्यांवर पातळ. एकच इंच."

फरशीवाला मान हलवून निघून गेला, आणि भिंगरी जागच्या जागी थिजली. तीन आणि एक. अरे देवा!

पायऱ्या तिनं उघड्या स्लॅबपासून आखल्या होत्या. फरशी बसली की जमीन तीन इंच वर येणार आणि पायरी फक्त एक इंच. म्हणजे पहिली पायरी सहाची चार इंच होणार. वरच्या मजल्यावरही तीच फरशी, म्हणजे शेवटची पायरी आठ इंच. मधल्या चौदा अगदी छान, सहा-सहाच्या. माणसाच्या पायाला सहाची सवय लागणार आणि शेवटी पाय आपटणार. हातात सामान असलं, कडेवर मूल असलं, तर तोंडावरच पडणार.

कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. येणारही नव्हतं, अजून दोन महिने तरी. तोवर ती दुसऱ्या कामावर सुतार होऊन गेलेली असती, आणि शिव्या बिचाऱ्या फरशीवाल्यानं खाल्ल्या असत्या. हे सगळं तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच. एक वर्ष म्हणजे काय थोडं असतं? आपणच हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

वर कुणीतरी ओरडलं, "सोडा!"

"थांबा!" भिंगरी त्याहून मोठ्यानं ओरडली. "पंप बंद करा! जिना चुकलाय! माझा जिना चुकलाय!"

पंप थांबला. सगळी साइट तिच्याकडे बघू लागली. मिस्त्री साच्याची एकेक फळी ओलांडत खाली आले. तिनं एका दमात सांगितलं, तीन इंच, एक इंच, चार आणि आठ. इंजिनिअरबाईंनी फोनवर आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि स्वतःच्याच सहीकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई! खरंच की."

"आता?" दादानं विचारलं. त्याचा थट्टेचा सूर कुठल्या कुठे गेला होता. "माझ्या मालाला तास-सव्वा तास आहे. मग तो ड्रममध्येच दगड होईल."

मिस्त्रींनी भिंगरीकडे पाहिलं. "सांग. काय करायचं?"

"सगळ्या फळ्या दोन इंच वर," ती म्हणाली. "पंधराच्या पंधरा. सोळावी पायरी म्हणजे वरचा स्लॅबच, तो हलत नाही. आत्ता पहिली आठची दिसेल आणि शेवटची चारची. पण फरशी बसली की सगळ्या सहा."

"पायऱ्यांखालचा तिरपा स्लॅब दोन इंचांनी जास्त जाड होईल," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "चालेल. सळया जागेवर राहू द्या. पळा!"

आणि काय पळापळ झाली म्हणता! भिंगरीनं भिंतीवर रंगाची दोरी ताणली आणि फटकन सोडली, दोन इंच वर नवी निळी रेघ. मग ती पुढे खुणा करत चढतेय, मागून मिस्त्री आणि दोन सुतार फळ्या सोडवताहेत, उचलताहेत, ठोकताहेत. "चौथी घ्या! डावीकडे दबलीये, उचला! हां, ठोका!" कालपर्यंत जिला कुणीही "ए पोरी, पाणी आण" म्हणायचं, तिच्या तोंडाकडे बघून तीन कसलेले सुतार हातोडा घालत होते. भीती कुठे पळाली कुणास ठाऊक! तिला चक्क मजा येऊ लागली. खाली दादा दर पाच मिनिटांनी ओरडत होता, "पन्नास मिनिटं! पंचेचाळीस!" इतक्या भक्तीनं त्यानं शाळेतले पाढेही कधी म्हटले नव्हते.

पंधरावी फळी ठोकली तेव्हा वीस मिनिटं उरली होती. इंजिनिअरबाईंनी या खेपेला टेपबरोबर तीन इंच आणि एक इंच जाडीचे लाकडी तुकडेही हातात घेतले, खाली-वर ठेवून मोजलं, आणि हात वर केला.

पंप घरघरला. राखाडी काँक्रीट धबाधबा साच्यात पडलं, फळ्यांना भिडलं, पायरीमागून पायरी भरत गेली. एकही फळी हलली नाही. दादा गाडी धुवायला गेला तेव्हा वाटेत तिच्या हेल्मेटवर टपली मारून गेला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त हिचा अजून टांगलेलाच.

ती मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली. "वर्षभर ना?"

मिस्त्रींनी थापीनं शेवटची पायरी सपाट केली, थापी पुसली, कमरेला हात दिला. "काल मी मोजलं. चाळीस वर्षं जिने करतोय मी. मला दिसलं नाही." एवढं बोलायलाच त्यांना फार कष्ट पडले असावेत. "शर्त काय होती? जिना बरोबर आला तर. आला ना?"

"आला, पण..."

"पण-बिण नाही. सोमवारी नव्या कामावर पहिला जिना मी आखणार. तपासणार तू. चूक निघाली तर तोंडावर सांगायची, गाडी उभी असली तरी. जमेल?"

ती "हो" म्हणाली, पण इतक्या जोरात, की वरच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून वाकून बघू लागली.