पुस्तक मिटायला या

"पुस्तक मिटायचंय. लगेच बोलावलंय," एवढंच सांगून गाडीवानानं लगाम हातात घेतले.

चित्रकार घाईघाईनं रंगांची पेटी उचलून गाडीत चढला. व्यापाऱ्याच्या घरची रीतच तशी होती. माणूस हयात असेतो तसबिरीत त्याच्या हातातलं पुस्तक उघडं. त्यानं डोळे मिटले की चित्रकाराला बोलावून पुस्तकही मिटायचं. आधी पानांतलं बोट बाहेर काढायचं, मग पानं मिटायची. बोट आत राहिलं तर वाचन अजून संपलेलं नाही, असा अर्थ व्हायचा.

त्या घरात आता चारच पुस्तकं उघडी होती. व्यापाऱ्याचं, त्याच्या म्हाताऱ्या आईचं, मुलाचं आणि सुनेचं. सून म्हणजे चित्रकाराची एकुलती एक लेक.

"अरे, पण कुणाचं मिटायचंय?" त्यानं वाटेत पुन्हा विचारलं.

"मला काय ठाऊक? मी घोडे हाकतो."

देवा, म्हातारीचं असू दे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून त्यानं मागणं काही मागं घेतलं नाही.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं, तर म्हातारी समोरच खुर्चीत बसलेली. चांगली धडधाकट! खिडकीशी एक तसबीर खाली उतरवून ठेवली होती. लेकीची. रंगांची पेटी त्याच्या हातातून निसटली.

"बाबा."

लेक दाराशी उभी होती. एका हातात गाठोडं, दुसरा हात मनगटापासून सुजलेला.

"ही घर सोडून निघालीय," व्यापारी म्हणाला. "आम्हाला मेली ही. पुस्तक मिटा आणि घेऊन जा."

चित्रकाराला रडूच फुटलं. लेक जवळ येऊन कुजबुजली, "बाबा, नंतर रडा हो! आधी मिटा. हे घरी यायच्या आत निघायला हवं. ते आले तर खरंच मिटायची वेळ येईल."

त्यानं कुंचला उचलला. बाहेर चाकं वाजली की दोघांचाही जीव टांगणीला लागायचा. कशीबशी पानं मिटली. व्यापाऱ्यानं लांबूनच मान डोलावली आणि तोंड फिरवलं.

लेक पेटी उचलायला वाकली आणि तिची नजर ओल्या रंगावर गेली.

"बाबा, बोट आतच राहिलं."

"राहू दे. तुझं वाचून कुठं झालंय? चल, पाय उचल."