नटाखालचा लाल रंग

खुशालनं रॉकेल ओतलंच नव्हतं. हे मले इचोड्यात पंकज मिस्त्रीच्या ग्यारेजपुढं समजलं. पण आधी गाडीचं सांगतो, नाई तर माझा बावळटपणा तुमाले पुरता कळणार नाई.

गाडी म्हणजे आमची पिकअप. तामसीकडच्या आमच्या गावातून वांगी, मिरच्या, सांभाराच्या हिरव्या जुड्या भरून रोज आदिलाबादले जाते. सकाळी एका सेल्फात सुरू. पण बाजारात माल उतरवला, अर्ध्या तासानं किल्ली फिरवली, की सेल्फ नुसता कण्हते. घुर्र... घुर्र... अन् चूप! इंजिन थंड होईपर्यंत बसा बोंबलत, नाई तर चार हमालांच्या हातापाया पडून धक्का मारा. भादव्यात हे दुखणं लागलं.

गाडी चालवायचा माझा साळा, खुशाल. सात वर्षं त्यानंच चालवली. अन् मी पडलो तिरसट माणूस. एक दिवस पांडुरंगरावच्या हॉटेलापुढं, अख्ख्या गावासमोर, मी त्याले म्हटलं, "तू डिझल काढून विकतं अन् वरतून रॉकेल ओततं. म्हणून डिझलचा पंप गेला."

तो म्हणे, "भाऊजी, तुमी हे मनापासून बोलून राह्यले का?"

"मंग काय गंमत करून राह्यलो?" असं म्हणून मी त्याच्या हातची किल्ली हिसकली.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं रॉकेलवाला. आसपासच्या चार गावांत कोणी त्याच्या हाती गाडी देईना. माझी बायको चंदा, त्याची सख्खी बहीण. ती ताट पुढं सरकवते अन् आत निघून जाते. दोन महिने झाले, माझ्याशी एक शब्द नाई. गाडी मी स्वतः चालवून राह्यलो होतो अन् ती तशीच बंद पडून राह्यली होती. रॉकेलानं एकदा पंप खाल्ला, की असंच चालायचं, असं मी सगळ्याले सांगे. शेवटी म्हटलं, मिस्त्रीकडून पुरावाच आणतो अन् चंदाच्या पुढ्यात आपटतो.

पंकज मिस्त्री शांत माणूस. मी रॉकेल-रॉकेल करून राह्यलो, अन् तो म्हणे, "काका, आधी गाडी गरम तर होऊ द्या."

हायवेनं दूरवर पळवून आणली. बंद केली. वीस मिनिटं आमी चहा पीत बसलो. मंग त्यानं किल्ली फिरवली. घुर्र... घुर्र...

"पाह्यलं? रॉकेल!" मी म्हटलं.

त्यानं टाकीतलं डिझल बाटलीत काढलं, उजेडात धरलं, वास घेतला, माझ्या नाकापुढं धरलं. "चोख हाय. अन् पंपाची गोष्ट तर लय दूरची. सेल्फच नीट फिरत नाई, तर पंप काय करन?"

मंग त्यानं एक जाड वायर आणली. एक टोक बॅटरीच्या मायनसले, दुसरं थेट इंजिनले लावलं. "मारा सेल्फ."

मी किल्ली फिरवली, अन् गाडी भर्रकन सुरू झाली! तापलेली गाडी, एका सेल्फात! बाप्पा, मी तर पाहतच राह्यलो.

पंकज गाडीखाली शिरला. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चेसिसले कसली असते, तो नट त्यानं खोलला. मले वाकून पाहाले लावलं. वायरीच्या टोकाखाली लाल ऑइलपेंटाचा जाड थर होता, पापडावाणी.

"करंट ह्याच वाटेनं परत येते काका. थंड असताना कसंबसं निभते. इंजिन तापलं, की सेल्फ जास्त करंट मागते, अन् वाट तर बुजवलेली. हा रंग कोणी मारला?"

मी मारला होता.

बैलजोडी विकून गाडी घेतली, तवापासून आमी पोळा गाडीचाच करतो. चंदा ओवाळते, पुरणपोळीचा घास बोनेटवर ठेवते. अन् शिंगं रंगवायचा तो लाल रंग मी बंपरले देतो. यंदा चेसिसले गंज दिसला. नट आड येऊन राह्यला, म्हणून मी तो खोलला, रंग फासला अन् ओल्यावरच परत कसला. वरतून चंदाले म्हटलं होतं, "पाह्य, कशी नवरीवाणी दिसून राह्यली!"

पंकजनं रंग खरडला, पॉलिश पेपर मारला, नट कसला. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं! अन् मी एका माणसाचं नाव मातीत घातलं.

तसाच खुशालच्या गावाले गेलो. सात वर्षं स्टेरिंग धरलेला माणूस दुसऱ्याच्या वावरात, बायांच्या रांगेत कापूस वेचत होता. मी सगळं सांगितलं. पाया पडाले वाकलो, तर मागं सरकला.

"माझ्यापाशी काय सांगता भाऊजी? जिथं बोलले, तिथं बोला."

बरोबर होतं त्याचं. त्याले गाडीत बसवलं अन् थेट पांडुरंगरावच्या हॉटेलापुढं आणलं. संध्याकाळची गर्दी होती. मी बाकावर चढलो. "ऐका रे! खुशाल चोर नाई. चूक माझी होती. मीच अर्थिंगच्या नटाखाली रंग मारला!"

पांडुरंगराव खोखो हसला. "उत्तमराव, घरातून लय ताण आला दिसते! रंगानं कुठं गाडी बंद पडते काय गा?"

"थांब, दाखवतो!" गाडी तापलेलीच होती. सेल्फ मारला, भर्रकन सुरू. "पाह्यलं?"

"पाह्यलं ना," पांडुरंगराव म्हणे. "रॉकेलवाला उतरला, अन् गाडी सुधरली."

"अरे, तो उतरून दोन महिने झाले! आज सकाळपर्यंत बंद पडत होती!"

"रॉकेलाचा असर जायले टाइम लागतेच. तुमीच तर सांगत होते."

होय, मीच सांगत होतो, ह्याच बाकावर बसून, रोज. आता खरं सांगून राह्यलो, तर एकाही डोळ्यात विश्वास नाई.

खुशालनं चहाचा गिलास खाली ठेवला. "झालं भाऊजी. तुमी बोलले." अन् तो पायीच निघाला.

"खुशाल, किल्ली तर घेऊन जा!" मी मागून ओरडलो.

"द्या, द्या," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पण आधी टाकीले कुलूप लावा."

अन् सगळे हसले.